गावचा पेपर: गोव्यातले वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न

डिचोली तालुक्यातून मराठी दैनिकांना बातम्या पाठवायला लागून मला आता 24 वर्षं झाली. ग्रामसभेत, देवळाच्या चौकात, बाजारातल्या भाजीपावच्या हॉटेलात लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. कोणी रागाने, कोणी काळजीने. उभ्या उभ्या उत्तर देताना अर्धं राहून जातं, म्हणून ते प्रश्न आणि माझी उत्तरं एकत्र लिहून ठेवतो आहे. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. काणकोणचा किंवा पेडण्याचा बातमीदार काही ठिकाणी वेगळं सांगेल, आणि तेही खरं असेल.

स्थानिक वर्तमानपत्र म्हणजे नेमकं कोणतं? गोवा आवृत्ती काढणारं बाहेरचं दैनिक स्थानिक म्हणायचं का?

मालकाचं गाव कोणतं यावर मी ते ठरवत नाही. ‘तरुण भारत’ 1919 साली बेळगावात सुरू झाला, पण गोव्यातल्या कित्येक घरांत तो आपलाच पेपर मानला जातो. ‘लोकमत’ आणि ‘पुढारी’ यांच्याही गोवा आवृत्त्या आहेत. माझी कसोटी साधी आहे. तुमच्या तालुक्यात त्या पेपरचा माणूस राहतो का? पंचायतीच्या सचिवाला तो नावाने ओळखतो का? पावसात दरड कोसळली तर दुचाकी काढून तिथे जातो का? तसा माणूस असेल तर पेपर स्थानिक. मुख्यालय पणजीत असूनही तालुक्यात माणूस नसेल, तर तो राजधानीचा पेपर.

गोव्यात वर्तमानपत्रं कधीपासून आहेत?

भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, 1556 साली. वर्तमानपत्राला मात्र पुढे अडीचशेहून जास्त वर्षं लागली. ‘गझेत द गोवा’ हे सरकारी पत्र डिसेंबर 1821 मध्ये निघालं आणि 1826 मध्ये बंद पडलं. खासगी पत्रकारितेची सुरुवात मडगावच्या ‘ओ उल्त्रामार’पासून धरतात, ते साल 1859. पहिलं दैनिक ‘ओ हेराल्दो’, 1900 सालचं. पोर्तुगीज भाषेत सुरू झालेलं हे दैनिक 1983 मध्ये इंग्रजी झालं आणि आजही निघतं.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यावा लागे. त्या काळात वाढलेली माणसं मला लहानपणी सांगायची, की खरी बातमी ऐकायची तर मुंबईहून आलेल्या पाहुण्याच्या तोंडून किंवा रेडिओवरून. छापलेल्यावर विश्वास नाही आणि कानावर आलेलं पडताळता येत नाही, असे ते दिवस होते. आज मोबाइलवर चाललेला गोंधळ पाहिला की मला त्या माणसांची आठवण येते.

मुक्तीनंतर मराठी दैनिकं कशी उभी राहिली?

गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला आणि पुढच्या साधारण तीन महिन्यांतच, 24 मार्च 1962 ला ‘गोमन्तक’ सुरू झाला. चौगुले उद्योगसमूहाने तो काढला आणि बा. द. सातोसकर त्याचे पहिले संपादक झाले. मडगावहून 1963 मध्ये ‘राष्ट्रमत’ निघाला. त्याच वर्षी धेंपो समूहाने इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ सुरू केला आणि 1970 मध्ये मराठी ‘नवप्रभा’.

या पेपरांनी नुसत्या बातम्या दिल्या नाहीत. शतकानुशतकं ज्यांना मत विचारलं गेलं नव्हतं अशा समाजाला जाहीर वाद घालायची सवय त्यांनी लावली. सगळ्यात मोठा वाद जनमत कौलाचा. 16 जानेवारी 1967 ला गोमंतकीयांना ठरवायचं होतं, की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता. चंद्रकांत केणी यांच्या संपादनाखालचा ‘राष्ट्रमत’ विरोधात होता आणि उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात गाजत होतं. निकालात 1,72,191 मतं वेगळं राहण्याच्या बाजूने पडली आणि 1,38,170 विलीनीकरणाच्या. फरक 34,021 मतांचा.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात जायला नको, हा युक्तिवाद ‘राष्ट्रमत’ मराठीतून करत होता. विलीनीकरण हवं म्हणणारे वाचायचे ती भाषा तीच होती, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं. ज्याचं मत बदलायचं त्याच्या भाषेत लिहा, हा धडा गोव्यातल्या पत्रकारितेने इतक्या लवकर घेतला. तो ‘राष्ट्रमत’ आज नाही, याचं मला वाईट वाटतं.

गोवा एवढासा. त्याला इतके पेपर कशाला?

2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती. एवढी माणसं मुंबईच्या एखाद्या उपनगरात मावतील. पण इथे विधानसभेच्या 40 जागा आहेत आणि 191 ग्रामपंचायती. एका मतदारसंघात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार, आणि कित्येकदा निकाल काहीशे मतांवर ठरतो. मोठ्या राज्यात एका वाड्याच्या नळाला पाणी नाही ही बातमी आमदाराच्या कानावरही जात नाही. इथे ती तिसऱ्या पानावर दोन परिच्छेद आली तरी दुपारपर्यंत टँकर येतो. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जिथे बातमीचा परिणाम इतका जवळून होतो, तिथे बातमीदारावर दबावही तितकाच जवळून येतो. आमदार, सरपंच, ठेकेदार, सगळे ओळखीचे. एखाद्याच्या मुलीच्या लग्नाला आपण जेवलेले असतो, आणि त्याच्याच बेकायदा भरावाची बातमी लिहायची असते. पणजीच्या कार्यालयात बसलेल्या संपादकाला हे ओझं तितकं जाणवत नाही. गावातल्या वार्ताहराला दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर चहा प्यायचा असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं पाच मिनिटांत कळतं. मग दुसऱ्या दिवशीचा पेपर कशाला घ्यायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अपघात झाला, झाड पडलं, वीज गेली, रस्ता बंद झाला, हे मोबाइलवर आधी कळतं आणि ते चांगलंच आहे. त्या शर्यतीत पेपरने उतरूच नये. पण ‘कळलं’ आणि ‘माहीत झालं’ यात फरक आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात नदीला पूर आल्याचा एक व्हिडिओ फिरला. पाणी दुकानांत शिरलेलं, लोक ओरडताहेत. बायका मुलांना शाळेतून आणायला धावल्या. तो व्हिडिओ काही वर्षांपूर्वीचा होता आणि गोव्यातला नव्हताच. कोणी तयार केला, कोणी पहिल्यांदा पाठवला, कोणालाच माहीत नाही. माफी मागायलाही कोणी नाही.

पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, छापलं कुठे. ती ओळ कायद्याने छापावी लागते. लोक ती वाचत नाहीत, पण माझ्या मते पेपरमधली सगळ्यात मोलाची ओळ तीच. ‘हे आम्ही म्हटलं, आणि चुकलं तर आम्हाला इथे गाठा,’ असा तिचा अर्थ आहे.

दुसरं म्हणजे, व्हॉट्सअ‍ॅपवर घटना येते, बैठक येत नाही. ग्रामसभा रविवारी सकाळी भरते आणि अडीच-तीन तास चालते. त्यात पहिले दोन तास मागच्या इतिवृत्तावर वाद, गटारं, कचरा. तिसऱ्या तासाला, निम्मे लोक जेवायला घरी गेल्यावर, एखाद्या डोंगराच्या उतारावरच्या बांधकामाचा ठराव येतो. तो मोबाइलवर टिपणारा कोणी उरलेला नसतो. शेवटपर्यंत खुर्चीत बसून राहणं हेच बातमीदाराचं काम. इतकी वर्षं मी मुख्यतः तेच केलं.

गोव्यातले मोठे पेपर खाणमालकांनी काढले. मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

प्रश्न रास्त आहे. चौगुले आणि धेंपो ही दोन्ही घराणी खाणव्यवसायातली होती, आणि पुढे वृत्तपत्रांत आलेल्या इतर उद्योगसमूहांचाही खाणींशी संबंध होता. माझ्या डिचोली तालुक्यात लाल धुळीने माखलेल्या बागायती मी लहानपणापासून पाहिल्या, आणि ती धूळ पहिल्या पानावर यायला किती वर्षं लागली तेही पाहिलं. खाणींविषयी गावकऱ्यांचं म्हणणं कित्येक वर्षं आतल्या पानावर, छोट्या मथळ्यात राहिलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तरी पूर्ण चित्र एवढंच नाही. 2012 मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या, फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणींच्या लीज रद्द झाल्या. ही सगळी बातमी गोव्याच्या घराघरांत गेली ती याच पेपरांतून. शिवाय खाणी थांबल्यावर ट्रकमालक, गॅरेजवाले, टायरची दुकानं, हॉटेलं कशी बसली तेही याच पेपरांनी लिहिलं. पेपरांची संख्या जास्त असल्याचा फायदा इथे होतो. एका पेपरला जे लिहायचं नसतं, ते दुसरा लिहितो. 2006-07 मध्ये जमिनीच्या वापराचा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ याच्याविरुद्ध लोक उठले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. कोणत्या गावात किती जमिनीचा रंग नकाशावर बदलला, हे एकाने छापल्यावर बाकीच्यांना गप्प बसता आलं नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की विश्वास पेपरवर सरसकट ठेवू नका. बातमीवर ठेवा. बातमीत कोणाचं नाव आहे, कागद कोणता, दुसऱ्या बाजूला विचारलं का, हे बघा. आणि शक्य असेल तर दोन पेपर वाचा. वाचनालयात फुकट मिळतात.

निवडणुकीच्या दिवसांत पैसे घेऊन बातम्या छापतात म्हणे. खरं का?

असं घडलेलं आहे. 2010 मध्ये भारतीय प्रेस कौन्सिलने या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि निवडणुकीत आता माध्यम प्रमाणन व देखरेख समित्या नेमल्या जातात. वाचकाला ओळखायची एक खूण सांगतो. एकाच उमेदवाराचं कौतुक, त्याच शब्दांत, दोन वेगळ्या पेपरांत दिसलं आणि खाली बातमीदाराचं नाव नसेल, तर सावध व्हा. जाहिरात असेल तर ‘जाहिरात’ असं छापलेलं हवं. नसेल तर संपादकाला पत्र लिहा. अशी चार पत्रं आली तर कार्यालयात चर्चा होते, हे मी आतून पाहिलं आहे.

पेपरचा खर्च निघतो कसा?

तुम्ही सकाळी जी किंमत देता, तिच्यात कागद आणि छपाईसुद्धा सुटत नाही. त्यातूनही विक्रेत्याचं आणि एजंटचं कमिशन जातं. बाकी सगळा भार जाहिरातींवर. त्यात सरकारच्या माहिती आणि प्रसिद्धी खात्याच्या जाहिराती, निविदा, नोटिसा, मग बांधकाम व्यावसायिक, गाड्यांचे आणि दागिन्यांचे विक्रेते, शाळा-महाविद्यालयं. कागदाचा बराच भाग परदेशातून येतो. 2019 मध्ये त्यावर 10 टक्के आयात शुल्क बसलं, पुढच्या वर्षी ते 5 टक्के झालं. मग युक्रेन युद्धानंतर कागदाचे भाव पुन्हा चढले. मोठ्या शहरातल्या दैनिकाला असा धक्का सोसतो. गोव्यातल्या दैनिकाची पानं कमी होतात.

आणि पानं कमी करायची वेळ आली की पहिली कात्री तालुक्याच्या पानावर चालते. क्रिकेटचं पान राहतं, कारण त्याचा मजकूर वृत्तसंस्थेकडून आयता येतो. सांगे, धारबांदोडा, सत्तरी इथल्या बातमीला माणूस लागतो, त्याचं पेट्रोल लागतं. माझ्यासारख्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, छापून आलेल्या बातमीवर मानधन मिळतं. माझं घर शेती आणि शिकवण्यांवर चाललं. एका पेपरने माझं आठ महिन्यांचं मानधन थकवलं होतं, तेव्हा हे काम सोडायचं मी ठरवलंही होतं. ज्याच्या जिवावर पेपर ‘स्थानिक’ म्हणवतो, त्यालाच सगळ्यात कमी पैसे मिळतात. स्थानिक पेपरच्या भवितव्याची चर्चा मला इथून सुरू व्हावीशी वाटते, मोबाइलपासून नव्हे.

म्हातारी माणसं पेपर उघडल्यावर आधी निधनवार्ता का वाचतात?

कारण गोव्यात माणूस गेला की नुसतं घर नाही, वाडा, देवस्थानचे महाजन, आजोळ, व्याही असा मोठा गोतावळा गोळा व्हायचा असतो. मोबाइलवर नातेवाईकांच्या गटात कळतं, पण त्या गटात नसलेला जुना सहकारी, शाळेतला शिक्षक, वीस वर्षांपूर्वीचा शेजारी, यांना पेपरच सांगतो. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे,’ हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं आहे आणि दर वेळी प्रत्येक नाव घरच्यांना वाचून दाखवलं आहे. त्यात एक नाव राहिलं तर ती जखम पुढच्या पिढीपर्यंत जाते. याच पानाजवळ जत्रेची, कालोत्सवाची, नाट्यप्रयोगाची, भजनी सप्ताहाची छोटी बातमी असते. वरवर पाहता ती किरकोळ वाटते, पण गावाला स्वतःचं नाव छापलेलं दिसतं ते तिथेच.

त्या बारीक अक्षरातल्या नोटिसा कोणासाठी असतात?

तुमच्यासाठी. कृपा करून त्या वाचा. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे तुमची जमीन घ्यायची प्राथमिक अधिसूचना त्या भागात वाचल्या जाणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. तिथून हरकत घ्यायला 60 दिवस. खाणीसारख्या प्रकल्पाला पर्यावरण परवाना देण्याआधी जनसुनावणी असते. तिची सूचना किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. लोक नंतर येऊन म्हणतात, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. कायद्याच्या दृष्टीने सांगितलेलं असतं, अकराव्या पानावर.

राजपत्राचंही तसंच. गोवा सरकारचं राजपत्र दर गुरुवारी निघतं आणि जमिनीच्या क्षेत्रबदलाच्या, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची ते बदलण्याच्या, अधिसूचना त्यात येतात. ते सगळ्यांना इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे, पण सर्व्हे नंबरांच्या त्या यादीत आपल्या डोंगराचा नंबर शोधत बसणारा कोणीतरी लागतो. अलीकडच्या वर्षांत क्षेत्रबदलाविरुद्ध गोव्यात जी आंदोलनं झाली, त्यातल्या कित्येकांची सुरुवात अशी यादी वाचून कोणीतरी दिलेल्या बातमीने झाली.

बातमी चुकली तर काय करायचं?

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात, खारं पाणी घुसलं. रात्रीचे नऊ वाजलेले, पाऊस धो धो. मी एका पंचाला फोन केला, तो म्हणाला, अतिवृष्टीने बांध फुटला. मी तसंच लिहिलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा शेतकरी पेपरची घडी हातात घेऊन माझ्या अंगणात आला. ओरडला नाही. एवढंच विचारलं, “तुवें येवन पळयलें?” म्हणजे, तू येऊन पाहिलंस का?

मी त्याच्याबरोबर गेलो. बांध जागेवर होता. फुटली होती मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दारं. कुजलेली होती, आणि ती बदलावीत म्हणून शेतकऱ्यांनी पावसाआधी दोनदा अर्ज दिलेले होते. अर्जांच्या पोचपावत्या त्याने पिशवीतून काढून दाखवल्या. माझ्या बातमीने सगळा दोष पावसावर गेला होता, आणि ज्यांच्याकडे अर्ज पडून होते ते सुटले होते. मी नवी बातमी लिहिली. पहिली पहिल्या पानावर आली होती, दुसरी सातव्या पानावर दोन इंच. त्यानंतर जागेवर न जाता मी कारण लिहिलेलं नाही. ‘असे सांगण्यात आले’ एवढं लिहून थांबतो.

आता तुमच्यासाठी. आधी संपादकाला लेखी कळवा, चूक नेमकी कोणती आणि तुमच्याकडे कागद काय आहे ते लिहून. खुलासा छापणं ही पेपरची जबाबदारी आहे. दाद लागली नाही तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकातल्या मजकुराबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल दंड करत नाही, पण ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. धमकी मात्र देऊ नका. धमकीने खुलासा लवकर येत नाही, आणि पुढच्या वेळी तुमच्या वाड्यावर यायला बातमीदार कचरतो.

गोव्यात घरात कोंकणी बोलतात. मराठी पेपरांना भवितव्य आहे का?

2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या 66 टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी सांगितली, मराठी सुमारे 11 टक्क्यांनी. तरीही मराठी दैनिकं कोंकणी बोलणाऱ्या कितीतरी घरांत जातात. त्या घरांतली माणसं मराठी शाळेत शिकली, मराठी नाटकांत कामं केली, मराठी अभंग म्हणत मोठी झाली. घरात एक भाषा आणि पेपरात दुसरी, यात त्यांना अडचण वाटली नाही.

कोंकणी पत्रकारितेचीही स्वतःची वाट आहे. रोमी लिपीतलं ‘वावराड्यांचो इश्ट’ हे साप्ताहिक 1933 पासूनचं. देवनागरीत ‘सुनापरान्त’ हे दैनिक 1987 मध्ये निघालं आणि बरीच वर्षं चाललं. 2016 पासून ‘भांगरभूंय’ आहे. हे पेपर वाढावेत असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या वाढण्याने मराठी पेपर मरत नाही. मराठी प्राथमिक शाळांतला पट घसरल्याने मरतो. आज पहिलीत इंग्रजी माध्यमात गेलेलं मूल वीस वर्षांनी मराठी पेपर हातात घेणार नाही आणि कोंकणीही नाही.

माझा रोजचा अनुभव असा, की ग्रामसभेत माणूस कोंकणीत भांडतो आणि मी ते मराठीत लिहितो. अशा वेळी धार जाते. म्हणून मी मानस, खाजन, कुळागर, पुरण शेती हे शब्द तसेच ठेवतो. पेपरच्या कार्यालयात मजकूर तपासताना कोणी ‘मानस’ काढून ‘झडप’ केलं तर मी फोन करून पुन्हा घालायला लावतो. शेतकऱ्याला आपली बातमी आपल्या शब्दांत ओळखू यायला हवी.

तरुण मुलं पेपर वाचत नाहीत. छापील अंक बंदच होणार ना?

मुलं पेपर घेत नाहीत, हे खरं. पण बातमी वाचत नाहीत, हे खरं नाही. आमच्या गावातल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी मैदानाच्या जमिनीची बातमी माझ्याकडून तीनदा विचारून घेतली आणि मामलेदार कार्यालयात मोर्चा नेला. ती त्यांनी मोबाइलवर, कात्रणाच्या फोटोतून वाचली होती. कात्रणाचा फोटो कोणीतरी काढून मोबाइलवर टाकला, पण त्या बातमीसाठी पैसे कोणी दिले? कोणीच नाही. अडचण तिथे आहे.

छापील दैनिक लगेच संपेल असं मला वाटत नाही. गोव्यात अंतरं कमी आहेत. रात्री छापलेला अंक पहाटे काणकोणपासून पेडण्यापर्यंत पोचतो, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याबरोबरच दारात पडतो. पण पानं आणखी कमी होतील, आणि काही पेपर रोजचा अंक सोडून आठवड्याच्या जाड अंकाकडे वळतील, असा माझा अंदाज आहे. त्याचं मला दुःख नाही. तालुक्याची खबर आठवड्याने आली तरी चालेल, पण जागेवर जाऊन घेतलेली हवी. मला भीती वेगळी आहे. पेपर नावाने चालू राहील, रंगीत होईल, यूट्यूबवरही येईल, आणि त्यात सगळा मजकूर खात्यांच्या प्रसिद्धिपत्रकांचा आणि नेत्यांच्या भाषणांचा असेल. ग्रामसभेतली बातमीदाराची खुर्ची रिकामी असेल आणि वाचकाला ते कळणारही नाही.

गावासाठी स्वतःचं साप्ताहिक काढायचं असेल तर?

1867 चा जुना कायदा गेला. 1 मार्च 2024 पासून नियतकालिक नोंदणीचा नवा कायदा लागू आहे आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. शीर्षक दुसऱ्या कोणत्या नावाशी मिळतंजुळतं नको. ही कागदपत्रं जमतील. खरा प्रश्न दुसऱ्या वर्षाचा असतो. पहिलं वर्ष उत्साहावर निघतं. सुरू करण्याआधी निदान 300 वर्गणीदारांकडून वर्षाचे पैसे आगाऊ घ्या, आणि एकाच मोठ्या जाहिरातदारावर बेतू नका. तो एका बातमीवर रागावला की अंक बंद.

बातमीदार व्हायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

तुमच्या पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेपासून. वही घ्या, शेवटपर्यंत बसा. नंतर माहितीचा अधिकार शिका. गोव्याने तर असा कायदा 1997 मध्येच केला होता, देशाचा 2005 मध्ये आला. साध्या भाषेत एका प्रश्नाचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आणि उपजीविकेचं दुसरं साधन ठेवा, हे मला सांगावं लागतं आहे याचं दुःख आहे.

जुने अंक कुठे पाहायला मिळतात?

पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात 1832 सालची. त्याच वर्षी 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढला, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं जपलेली आहेत. जमिनीच्या वादात, देवस्थानच्या इतिहासात, एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाच्या नोंदीत त्यांचा उपयोग होतो. घरात जुने अंक असतील तर रद्दीत देण्यापूर्वी एकदा तिथे विचारा.

आम्ही वाचकांनी काय करावं?

एक पेपर विकत घ्या, महिन्याची वर्गणी भरून. कात्रणाचा फोटो पुढे पाठवताना पेपरचं नाव आणि तारीख कापू नका. चुकलं तर कळवा, बरोबर असलं तरी कधीतरी कळवा. आणि वाड्यावर काही घडलं तर बातमीदाराला फोनवर सगळं सांगून मोकळे होऊ नका, त्याला बोलवा. आमच्या गावाची पुढची ग्रामसभा येत्या रविवारी साडेदहाला आहे. विषयपत्रिकेत नववा विषय टेकडीवरच्या रस्त्याचा आहे, म्हणजे तो एक वाजता येईल. जेवण करून या, पण परत या.